दूध न ठरणारे बाळ : औषध कोठवर, शस्त्रक्रिया केव्हा?

(मंडळाच्या लातूर येथील वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



या वर्षीच्या मेळाव्यात आम्ही चार शब्द बोलावेत, अशी आज्ञा करणारे मंडळाच्या चिटणिसांचे पत्र आले तेव्हा विषयाची निवड त्यांनी आमच्यावरच सोपविली होती. विद्यार्थी वसतिगृह, शिष्यवृत्ती, विवाहातील खर्च हे विषय या व्यासपीठावर दरवर्षी होतात, आणि ते व्हावेतही. आम्ही मात्र तान्ह्या बाळांच्या ओकारीचा विषय कळविला. चिटणिसांनी लागलीच फोन करून विचारले, "डॉक्टरसाहेब, हा विषय महिलांच्या बैठकीत घेतला तर नाही का चालणार?" आम्ही त्यांस नम्रपणे उत्तर दिले की, महिलांस हा विषय आमच्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. बाळाला घेऊन रात्र रात्र त्याच बसतात. परंतु बाळाला परगावी न्यायचे की नाही, त्यासाठी पैका काढायचा की नाही, हे ठरविणारी मंडळी पुढच्या रांगांत बसलेली असतात. यास्तव आजचे आमचे बोलणे प्रामुख्याने त्यांच्याशी आहे.

लातूर हा स्वतंत्र जिल्हा झाला तो १९८२ साली. त्यानंतर दोन-तीन वर्षांनी आम्ही येथे दवाखाना घातला. त्या काळी मुंबईस जायचे म्हणजे बार्शी लाईटच्या छोट्या गाडीने कुर्डुवाडी गाठायची आणि तेथे मोठी गाडी पकडायची. आजारी लेकरू मांडीवर घेऊन हा प्रवास करणे म्हणजे काय होते, ते आपल्यातील साठी उलटलेल्यांना सांगावयास नको. आजचा विषय त्या दिवसांतील एका आठवणीशी जोडलेला आहे. ती आम्ही पुढे सांगूच. तत्पूर्वी थोडी शरीररचना समजून घेऊ.

आपण गिळलेला घास अन्ननलिकेतून खाली उतरतो आणि छाती व पोट यांच्यामधील मध्यपटलाच्या एका छिद्रातून जठरात जातो. अन्ननलिका जेथे जठरास मिळते तेथे स्नायूंचे एक वळे असते. घास आला की ते सैल होते आणि घास गेला की आवळते. जठरातील रस इतका तीव्र असतो की त्याचे अस्तर सोडून इतर कोणत्याही अवयवास तो सोसत नाही. म्हणून निसर्गाने हे दार केले. मोठ्या माणसात हे दार बिघडले म्हणजे जेवणानंतर छातीत जळजळते, आंबट पाणी वर येते, आणि आपण त्याला पित्त झाले म्हणतो. तान्ह्या बाळात हे दार बिघडलेले नसते, ते अद्याप कच्चे असते. अन्ननलिकेचा मध्यपटलाखालचा भाग अगदी आखूड असतो, वळे वेळी-अवेळी सैल होते, आहार सर्वस्वी पातळ आणि बाळ दिवसभर आडवे. मग दूध वर आले तर नवल कोणते?

म्हणूनच चौथ्या महिन्याच्या सुमारास निम्म्याहून अधिक बाळे दिवसातून निदान एकदा तरी दूध टाकतात. बाळ बसू लागले, वरचे अन्न खाऊ लागले, उभे राहू लागले की हे आपोआप कमी होत जाते, आणि वर्ष-दीड वर्षाचे होईतो बहुतेकांचे थांबते. आपल्या आज्या-पणज्या म्हणत की, ओकणारे पोर बाळसे धरते. या म्हणण्यात मोठे तथ्य आहे. बाळ हसत असेल, पोटभर पीत असेल, लघवी स्वच्छ होत असेल आणि वजन वाढत असेल, तर त्याने आईचे कितीही पदर भिजविले तरी तो रोग नव्हे. तेथे औषधाची गरज नाही. शस्त्राचे तर नावही काढू नये.

परंतु या म्हणीचा उत्तरार्ध आम्ही सारेच विसरतो. ओकणारे पोर बाळसे धरीत असेल तरच ते निरोगी. आणि बाळसे डोळ्यांनी ठरत नाही, काट्याने ठरते.

आता ती आठवण. १९८६ सालच्या पावसाळ्यात औसा तालुक्यातील एका खेड्यातून एक बाई आपल्या सुनेला आणि तीन महिन्यांच्या नातीला घेऊन आमच्याकडे आल्या. "डाक्टर, लेकराच्या पोटात काही टिकंनाच गेलंय," असे त्या म्हणाल्या. मुलीला खोकला होता. आम्ही छाती तपासली, खोकल्याचे औषध लिहून दिले, आणि नेहमीचे वाक्य बोललो की, दूध टाकते त्याची काळजी करू नका, बाळसे धरील. पंधरा दिवसांनी ती मंडळी पुन्हा आली, महिन्याने पुन्हा. दर वेळी खोकला, दर वेळी ताप, दर वेळी आमचे औषध. आमच्या दवाखान्यात वजनकाटा होता, पण तो मोठ्या माणसांना उभे करण्याचा. तान्ह्या बाळाचा काटा आम्ही घेतलाच नव्हता.

चौथ्या खेपेस सासूबाई म्हणाल्या, "हिचंच दूध बाधतंय लेकराला. जड आहे दूध." सून खाली मान घालून बसली होती. आम्ही त्यावर काहीच बोललो नाही. बाहेर रुग्णांची रांग होती, आणि खरे सांगावयाचे तर घरातील बायकांच्या वादात डॉक्टराने पडू नये असे त्या वयात आम्हांस वाटत असे. त्यांनी घरी जाऊन आईचे दूध बंद केले आणि पाणी घातलेले म्हशीचे दूध बाटलीने सुरू केले. पोटावर बिब्ब्याचा डागही दिला, हे आम्हांस मागाहून कळले. सातव्या महिन्यात ती मुलगी न्यूमोनियाने गेली. अखेरच्या दिवशी तिला आमच्याकडे आणले होते. सात महिन्यांच्या त्या लेकराचे अंग दोन महिन्यांच्या बाळाएवढे होते. आम्ही आमच्या नोंदवहीत केवळ 'न्यूमोनिया' असे लिहिले.

ते मूल आज आले असते तर निश्चित वाचले असते, असे आम्ही म्हणणार नाही. तिला नेमके काय झाले होते हेही तपासण्यांवाचून सांगता येणार नाही. परंतु दूध टाकणे, वजन न वाढणे आणि पुनःपुन्हा छाती भरणे ही तीन लक्षणे एका बाळात एकत्र आली म्हणजे वर आलेले दूध श्वासनलिकेत उतरत असावे, ही शंका पहिल्यांदा घ्यावयास हवी होती. ती आम्ही घेतली नाही. आणि त्या मातेचे दूध निर्दोष आहे, हे एक वाक्य आम्ही बोललो नाही. चाळीस वर्षांत आमच्याकडून पुष्कळ चुका घडल्या असतील, पण ही चूक अजून आमच्या समोरून हलत नाही.

भगिनींनो, आईचे दूध जड किंवा हलके नसते. बाळ ओकते म्हणून ते तोडणे हा सर्वांत घातक उपाय होय. क्वचित काही बाळांस गाई-म्हशीच्या दुधातील प्रथिन मानवत नाही आणि त्यामुळे अशीच लक्षणे दिसतात. तेव्हा डॉक्टर आईलाच दोन ते चार आठवडे दूध, दही, ताक, पनीर वर्ज्य करून पाहावयास सांगतात. स्तनपान मात्र चालूच राहते. बाळाला एकाच वेळी पोट तट्ट होईतो पाजू नये, थोडे थोडे वारंवार पाजावे. मध्ये आणि शेवटी खांद्यावर घेऊन ढेकर काढावी, आणि नंतर वीस-तीस मिनिटे उभे धरावे. पाजल्यावर लगेच पाळण्यात टाकून झोके देणे टाळावे. पूर्वी अशा बाळांस पालथे निजवावे असा सल्ला वैद्यकशास्त्रही देत असे. तो आता मागे घेतला गेला आहे, कारण पालथ्या निजणाऱ्या बाळांत झोपेतच अकस्मात मृत्यू अधिक होतात असे दिसून आले. ओकणाऱ्या बाळानेही उताणेच निजावे. श्वासनलिका मिटविण्याची निरोगी बाळाची स्वाभाविक शक्ती त्याचे रक्षण करते. वेखंडाचे वेढे, धुरी, वर्षाच्या आतील मध आणि पोटावरील डाग यांविषयी आम्ही एवढेच म्हणू की, डागाने ओकारी थांबलेले एकही मूल आम्ही पाहिले नाही. डाग पिकून दगावलेली मुले मात्र पाहिली आहेत.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. प्रत्येक ओकारी या कच्च्या दाराचीच असते असे नाही. तीन ते सहा आठवड्यांचे बाळ, विशेषतः मुलगा, प्रत्येक पाजण्यानंतर हातभर लांब कारंज्यासारखे दूध उडवीत असेल आणि लगेच भुकेने रडत असेल, तर जठराचे पुढचे तोंड जाड होऊन बंद पडले असण्याचा संभव असतो. तो स्नायू चिरून वाट मोकळी करण्याची सोपी शस्त्रक्रिया रामस्टेट या जर्मन शल्यचिकित्सकाने १९१२ साली प्रसिद्ध केली, आणि तिने बाळ कायमचे बरे होते. याउलट ओकारी हिरवी पडू लागली, तर तो क्षण घड्याळ पाहण्याचा नव्हे. आतड्याला पीळ पडला असू शकतो, आणि काही तासांत आतडे काळे पडते. हिरवी ओकारी म्हणजे रात्र असो, लग्नघर असो, गाडी काढून रुग्णालय गाठणे, ही गोष्ट घरातील प्रत्येकाने ध्यानात ठेवावी.

आता शस्त्रक्रियेकडे वळू. फार थोड्या बाळांत हा कच्चेपणा रोगाच्या पायरीस जातो. ओकारीत रक्ताच्या रेषा येतात, पाजताना बाळ पाठीची कमान करून किंचाळते, निळे पडते, श्वास थांबवते, वारंवार न्यूमोनिया होतो, काटा महिनोन् महिने हलत नाही. अशा बाळांसाठी प्रथम दुधाला दाटपणा आणणे, मग आम्ल कमी करणारी औषधे, असा क्रम असतो. ही औषधेही निरुपद्रवी नाहीत. जठरातील आम्ल जंतूंचा नाश करते, आणि ते दीर्घकाळ मारल्यास जुलाब व छातीचे विकार वाढू शकतात. सध्या तान्ह्या बाळांस ही औषधे वाणसामानासारखी दिली जातात, ते आमच्या मते योग्य नव्हे. शिवाय औषध आम्ल मारते, दूध वर येण्याचे थांबवीत नाही. ज्याच्या फुप्फुसात दूध उतरते, त्याच्या बाबतीत आंबट दूध उतरले काय आणि गोड उतरले काय, अनर्थ तोच.

तेथे दारच नवे बांधावे लागते. हे दार बांधण्याची युक्ती ज्याने काढली त्याची हकीकत ऐकण्यासारखी आहे. रुडॉल्फ निसेन हा १८९६ साली जन्मलेला जर्मन शल्यचिकित्सक जातीने ज्यू होता. हिटलर सत्तेवर येताच १९३३ साली त्यास बर्लिन सोडावे लागले आणि तुर्कस्तानातील इस्तंबूलने त्यास आश्रय दिला. तेथे एका तरुण रुग्णाच्या अन्ननलिकेचा खालचा व्रणग्रस्त भाग त्याने काढला. उरलेली नलिका जठरास जोडताना टाके सुटू नयेत एवढ्याच हेतूने त्याने जठराची घडी तिच्याभोवती घेतली. कित्येक वर्षांनी चौकशी करता त्या माणसास छातीतील जळजळीचा मागमूस नव्हता. टाक्यांच्या रक्षणासाठी घेतलेल्या घडीनेच दाराचे काम केले होते! पुढे बाझल येथे असताना १९५५ साली त्याने केवळ या हेतूने जठराचा वरचा भाग अन्ननलिकेभोवती गुंडाळण्याची शस्त्रक्रिया केली आणि १९५६ साली ती प्रसिद्ध केली. जगभर ती आजही त्याच्याच नावाने ओळखली जाते. मध्यंतरी अमेरिकेत असता याच निसेनने १९४८ साली आइन्स्टाइन यांच्या पोटातील फुगलेल्या रोहिणीवर सेलोफेनचा कागद गुंडाळून त्यांस आणखी सहा-सात वर्षे दिली. गुंडाळणे ही या गृहस्थांची आवडती विद्या असावी, असे आम्ही विद्यार्थ्यांस गमतीने सांगत असू.

शस्त्रक्रियेचे तत्त्व साधे आहे. थंडीच्या दिवसांत आपण गळ्याभोवती उपरणे गुंडाळतो, तसा जठराचा वरचा घुमट अन्ननलिकेच्या मागून फिरवून पुढे आणतात आणि दोन-तीन टाक्यांनी स्वतःलाच शिवून टाकतात. मध्यपटलातील छिद्र ढिले असेल तर तेही टाक्याने लहान करतात. आता जठर दुधाने भरू लागले की गुंडाळलेला भागही फुगतो आणि अन्ननलिकेस दाबून धरतो. म्हणजे वर येण्याचा जोर जितका अधिक, तितके दार घट्ट. वेढा फार आवळला जाऊ नये म्हणून शिवताना अन्ननलिकेत बेताच्या जाडीची नळी घालून ठेवतात, आणि वेढ्याची रुंदीही बेताचीच, बाळात एक-दोन सेंटिमीटर, ठेवतात. जठराकडे जाणाऱ्या दोन नसा जपाव्या लागतात, यकृताचा डावा पाळा उचलून धरावा लागतो, प्लीहेजवळच्या रक्तवाहिन्या सांभाळाव्या लागतात. बाळाचे पोट आपल्या ओंजळीएवढे, हे ध्यानी घेतले म्हणजे या कामास हात किती शांत लागत असेल याची कल्पना येईल. काही शल्यचिकित्सक पूर्ण वेढा न घेता अर्धा किंवा पाऊण वेढा घेतात. १९९१ सालापासून ही शस्त्रक्रिया दुर्बिणीने होऊ लागली. आता बाळांतही पोट न फाडता पेन्सिलीहून बारीक हत्यारांनी ती करता येते.

आपल्या प्रांतात बाळांची शस्त्रक्रिया हे स्वतंत्र शास्त्र म्हणून रुजण्यास वेळ लागला. मुंबईत परळला बाई जेरबाई वाडिया यांच्या नावाचे मुलांचे रुग्णालय १९२९ साली निघाले. आपण त्या वेळी निजामाच्या राज्यात होतो, म्हणून आपल्या मराठवाड्याची दृष्टी हैदराबादकडे असे. तेथे राजघराण्यातील निलोफर यांच्या नावाचे माता-बालकांचे रुग्णालय १९५३ साली सुरू झाले. आजही उदगीर-देगलूरकडची मंडळी आजारी लेकरू घेऊन तिकडे जातात. भारतीय बालशल्यचिकित्सकांची संघटना १९६५ सालची. औरंगाबादचे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचे, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९५६ सालचे आणि नांदेडचे १९८८ सालचे. लातुरात डॉ. अशोक कुकडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ साली विवेकानंद रुग्णालय उभे केले, आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले ते २००२ साली. ज्या पिढीने किल्लारीचा १९९३ चा भूकंप पाहिला, तिला येथे रुग्णालय असणे आणि नसणे यांतील अंतर सांगावे लागत नाही.

या शस्त्रक्रियेचे एक उदाहरण आम्ही जवळून पाहिले आहे. आपल्याच ज्ञातीतील एका कुटुंबात, नाव सांगत नाही, काही वर्षांपूर्वी मुलगा जन्मला तो अन्ननलिका मध्येच तुटलेली आणि खालचे टोक श्वासनलिकेस जोडलेले असा. पहिल्या दुधालाच तो गुदमरला. सुदैवाने दवाखान्यातील परिचारिकेस शंका आली. दुसऱ्याच दिवशी मोठ्या शहरात नेऊन नलिका जोडण्यात आली आणि मूल वाचले. पेढे वाटले गेले. परंतु अशा जोडलेल्या नलिकेत अन्न खाली ढकलण्याची शक्ती कमी असते आणि दारही ढिले राहते, ही गोष्ट घरच्यांस नीट समजली नव्हती, किंवा आनंदाच्या भरात कानांवरून गेली होती. चौथ्या महिन्यापासून तेच चक्र सुरू झाले. सहा महिन्यांत तीन वेळा न्यूमोनिया. एकदा आईच्या मांडीवरच मूल निळे पडले.

या वेळी आमच्याकडे काटा होता. वजनाची रेघ दोन महिने आडवी चाललेली आम्ही कागदावर दाखविली. शस्त्रक्रियेचे नाव निघताच आजोबांनी साफ नकार दिला. ते म्हणाले, "एकदा चिरलंय, पुन्हा चिरू देणार नाही. जगायचं असेल तर जगेल." आजोबा दुष्ट नव्हते. रात्री त्या नातवाला छातीशी धरून तेच बसत. त्यांना भीती होती, आणि भीतीला त्यांनी दैवाचे नाव दिले होते. आम्ही त्यांच्या घरी तीन वेळा गेलो. तिसऱ्या वेळी आम्ही त्यांना १९८६ सालच्या त्या मुलीची हकीकत सांगितली, आमच्या नोंदवहीतील त्या एका शब्दासकट. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग उठले, आतल्या खोलीत गेले आणि बँकेचे पुस्तक घेऊन आले.

तपासण्यांत बेरियमयुक्त औषध पाजून क्ष-किरणाने वाट पाहिली गेली, नाकातून बारीक तार सोडून चोवीस तास आम्ल मोजले गेले, दुर्बिणीने आतील अस्तर पाहिले गेले. शस्त्रक्रिया दोन-अडीच तास चालली. चौथ्या दिवशी बाळ दूध प्याले आणि ते दूध आत राहिले. आई आम्हांस फोनवर म्हणाली, "डॉक्टरकाका, त्याचा ओला वास गेला हो." ज्या घरात असे मूल आहे त्यांनाच या वाक्याचा अर्थ कळेल. मुलगा आज शाळेत जातो. भाकरी कुस्करून, सावकाश, पाणी पीत खातो, आणि पंगतीत सर्वांच्या शेवटी उठतो.

परंतु आम्ही केवळ गोड बाजू सांगून उठलो, तर ते प्रामाणिकपणाचे होणार नाही. या शस्त्रक्रियेनंतर काही बाळांना ढेकर येत नाही आणि पोट फुगते. काहींना घास अडकतो, काहींना कोरडे उमासे येत राहतात. वेढा ढिला पडणे किंवा सरकून छातीत जाणे असेही घडते. ज्या मुलांच्या मेंदूला जन्मतः इजा झालेली असते त्यांच्यात हे अधिक, आणि दुर्दैवाने गरजही त्यांनाच अधिक असते. अशा मुलांना गिळताच येत नसेल तर त्याच वेळी पोटातून जठरात नळी बसवून अन्न देण्याची सोय करतात. नळीचे मूल घरी आणणे म्हणजे आईने परिचारिका होणे होय. ते काम एकट्या आईच्या अंगावर पडू नये, एवढे तरी घरच्यांनी पाहावे.

आणखी एक बाब आपल्याकडील खेड्यापाड्यांतल्या डॉक्टरबंधूंसाठी. पूर्ण वेढा घेतलेल्या मुलास पुष्कळदा ओकताच येत नाही. पुढे कधी आतडे अडले, तर इतर मुलांत जी ओकारी धोक्याची घंटा असते ती येथे वाजतच नाही. पोट फुगणे, कोरडे उमासे आणि मूल मलूल पडणे एवढ्यावरूनच ओळखावे लागते. म्हणून शस्त्रक्रियेचा कागद ट्रंकेच्या तळाशी न ठेवता मुलाच्या लसीकरणाच्या पुस्तकात ठेवावा आणि प्रत्येक डॉक्टरला दाखवावा.

दुसऱ्या टोकाचा अनुभवही सांगतो. दोन वर्षांपूर्वी एक सधन ज्ञातिबंधू पाच महिन्यांच्या मुलीला घेऊन आले. हातात जाडजूड फाईल. एका रुग्णालयात त्यांना शस्त्रक्रियेची तारीखही देण्यात आली होती. मुलगी दूध टाकत होती खरी, पण वजन जन्माच्या दुपटीहून अधिक, छाती स्वच्छ, आणि आम्ही चष्मा लावताच तिने तो ओढला. आम्ही त्यांना म्हटले, तारीख रद्द करा आणि अंगणात घोंगडी टाका. धरून उभी राहू लागली तेव्हा मुलीचे ओकणे थांबले. पैशाअभावी जसे काहींचे नुकसान होते, तसे पैशामुळेही होऊ शकते. शस्त्रक्रिया सुचविली गेली असता दुसऱ्या बालशल्यचिकित्सकाचे मत घेण्यात कोणाचा अपमान नाही.

आता खर्चाविषयी. २०१३ सालापासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली अंगणवाडीत आणि शाळेत मुलांची तपासणी होते. त्या पथकास टाळू नये, बाळाची पूर्ण हकीकत सांगावी. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत नोंद असलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो. आपल्या बाळाची शस्त्रक्रिया योजनेत बसते का, हे भरती होण्यापूर्वीच त्यास विचारावे. परंतु योजनेतून शस्त्रक्रियेचा खर्च भागला, तरी मुंबई-पुण्यात किंवा सोलापूर-हैदराबादेत पंधरा-वीस दिवस राहण्याचा, जेवणाचा आणि बुडालेल्या मजुरीचा प्रश्न उरतोच. आम्ही अशी आई पाहिली आहे की, जिने रुग्णालयाच्या जिन्याखाली अकरा रात्री काढल्या.

यास्तव कार्यकारिणीपुढे आम्ही दोन सूचना ठेवीत आहोत. मेळाव्याच्या भोजनखर्चातून एक पक्वान्न कमी करून जी रक्कम उरेल, ती परगावी उपचारास जाणाऱ्या लेकुरवाळ्या मातांच्या निवासासाठी बाजूला ठेवावी. आणि मंडळाच्या प्रत्येक तालुका शाखेने तान्ह्या बाळांचा एक वजनकाटा घ्यावा. निरोगी बाळ पहिल्या तीन महिन्यांत दिवसाला वीस ते तीस ग्रॅम वाढते, पाचव्या महिन्याच्या सुमारास जन्माच्या दुप्पट आणि वर्षाला तिप्पट होते. एवढे आकडे भिंतीवर लिहून ठेवले, तर शाखेचा चिटणीससुद्धा रेघ आडवी चालली आहे की वर, हे सांगू शकेल.

पहिला काटा आम्ही आमच्यातर्फे आणला आहे. तो या सभागृहाच्या डाव्या हाताच्या खोलीत टेबलावर ठेवला असून, भोजनापूर्वी एक तास आम्ही स्वतः तेथे बसणार आहोत. ज्यांच्या मांडीवर वर्षाच्या आतील बाळे आहेत त्यांनी त्यांस घेऊन यावे. सासूबाईंनीही सोबत यावे, आणि आजोबांनी तर अवश्य यावे.